पैसा खाता येत नाही, हे कोणी सांगितलं?

आज आपण एका वाक्याचा माग काढणार आहोत.

वाक्य तुम्ही पाहिलेलं आहे. शाळेच्या भिंतीवर ते रंगवलेलं असतं, झाडं लावायच्या कार्यक्रमात फलकावर असतं, सकाळी सकाळी मोबाइलवर येणाऱ्या चित्रावरही असतं. अर्थ असा, की शेवटचं झाड तुटेल, शेवटची नदी नासेल आणि शेवटचा मासा पकडला जाईल, तेव्हा माणसाला उमजेल की पैसा काही खाता येत नाही. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘रेड इंडियन म्हण’ किंवा ‘क्री जमातीची भविष्यवाणी’.

आपण बचत गटाच्या बाया. दर महिन्याला पैसा मोजतो, वहीत लिहितो, त्यावरचं व्याज तोंडी सांगतो. पैसा आल्यामुळे घरात आपलं ऐकलं जातं, हेही आपल्याला माहीत आहे. म्हणून पैशापेक्षा निसर्ग मोठा असं कोणी सांगितलं, की पहिला प्रश्न मनात येतो: हे सांगणारं माणूस कोण? त्याच्या घरी चूल कशावर पेटते? पोटभर जेवून सांगतंय की उपाशी राहून? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला गेल्यावर आम्हाला जे सापडलं, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की ही कुण्या जमातीची हजार वर्षांपूर्वीची भविष्यवाणी नाही. शोध घेणाऱ्यांना हे वाक्य छापलेलं सापडलं ते १९७२ सालच्या एका पुस्तकात. पुस्तक कॅनडा देशातलं. कॅनडा म्हणजे अमेरिकेच्या वरच्या अंगाचा, जंगलांचा आणि तळ्यांचा मोठा देश. त्या पुस्तकात तिथल्या मूळनिवासी लोकांशी केलेली बोलणी आहेत. गोऱ्या लोकांनी त्यांना रेड इंडियन हे नाव दिलं, पण त्यांची त्यांची नावं वेगळी आहेत: क्री, मोहॉक, मिगमॉ, अबेनाकी अशी कितीतरी. आणि हे वाक्य बोलणारी होती अबेनाकी समाजातली एक बाई. नाव अलानिस ओबोमसाविन. तेव्हा वय चाळिशीच्या उंबरठ्यावर.

म्हणजे ज्याला आपण कुण्या म्हाताऱ्या ऋषीचं वचन समजत होतो, ते एका कमावत्या, गाणाऱ्या, भांडणाऱ्या बाईचं बोलणं निघालं.

या बाई कोण, ते जरा सविस्तर ऐका. त्यांचा जन्म १९३२चा. लहानपण ओडनाक नावाच्या वस्तीत गेलं. ही वस्ती कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात, नदीकाठी आहे. सरकारने मूळनिवासींना नेमून दिलेल्या जागा असतात, त्यांतली ती एक. घरच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने त्यांना समाजाची गाणी आणि गोष्टी शिकवल्या. नऊ वर्षांच्या असताना कुटुंब शहरात गेलं. शाळेत मूळनिवासी पोरगी ही एकटीच. शिकवायची भाषा फ्रेंच, ती हिला धड येत नव्हती. इतिहासाच्या पुस्तकात हिच्या पूर्वजांना रानटी म्हटलेलं. पुस्तक वाचून झालं की पोरं हिला मारायची. आपल्याकडे वस्तीतल्या, तांड्यावरच्या पोरींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मोठ्या झाल्यावर त्या गायला लागल्या. सभांत, शाळांत, तुरुंगांतसुद्धा जाऊन समाजाची गाणी आणि गोष्टी सांगायला लागल्या. आणि मग १९६०च्या दशकात ओडनाकच्या नदीची गोष्ट घडली.

ओडनाकची पोरं पिढ्यान्‌पिढ्या नदीत पोहायची. फुकट. नदीला कोण पैसे देतं? पण पाणी नासलं, नदीत उतरणं धोक्याचं झालं. शेजारच्या गावात पोहायचा तलाव होता, पण तिथे मूळनिवासी पोरांना येऊ देत नव्हते. मग अलानिस ओबोमसाविन यांनी गाण्याचे कार्यक्रम करून पैसे गोळा केले आणि वस्तीतल्या पोरांसाठी पोहायचा तलाव बांधून घेतला.

हे नीट बघा बायांनो. नदी चांगली होती तोवर पोहायला पैसा लागत नव्हता. नदी नासली आणि पोहणं ही विकत घ्यायची गोष्ट झाली. आपल्या गावातही हेच झालं ना? आडाचं पाणी चांगलं होतं तोवर पाण्याला भाव नव्हता. आज वीस लिटरचा जार विकत येतो. हिशोबाच्या भाषेत बोलायचं तर गावात व्यवहार वाढला, उलाढाल वाढली. पण घागर तीच आणि तहान तीच.

तर १९७२ साली छापलेलं त्यांचं बोलणं या अनुभवातून आलं होतं. आणि ते फलकावर येतं तेवढंच नव्हतं. त्या म्हणत होत्या, की कॅनडा हा एवढा श्रीमंत देश, पण त्याचा कारभार साठा उपसून संपवण्यावर चालतो. कितीही मिळालं तरी कमीच पडतंय, असं तुमच्या लोकांना सारखं वाटत राहतं. आणि मग झाड, मासा, नदी यांच्याबरोबर त्या हवेचंही बोलल्या, श्वास घेतला तरी माणूस आजारी पडेल अशी हवा. तेव्हा कळेल, पण उशिरा कळेल, की बँकेच्या खात्यात असते ती संपत्ती नव्हे. हे बोलणं साऱ्या जगाला उद्देशून नव्हतं. समोर बसलेल्या लोकांना, ‘तुमचे लोक’ म्हणून केलेलं होतं. त्यात राग होता, त्यात आरोप होता.

पुढे हे वाक्य फिरायला लागलं. १९८०च्या दशकात युरोपात, विशेषतः जर्मनीत, ते मोटारींवर चिकटवायच्या कागदांवर आलं. तिथे त्याला नाव मिळालं ‘क्री लोकांची भविष्यवाणी’. अबेनाकी बाईचं बोलणं क्री लोकांचं झालं. कालचं बोलणं पुरातन झालं. आणि ‘तुमचे लोक’ हा शब्द गळून पडला. आरोप गेला, सुविचार उरला. सुविचाराचं एक बरं असतं. त्याला कोणी उत्तर द्यावं लागत नाही. तो भिंतीवर लावता येतो आणि त्याच भिंतीमागून सांडपाणी ओढ्यात सोडता येतं.

अलानिस ओबोमसाविन मात्र बोलून थांबल्या नाहीत. १९६७ पासून त्या कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात कामाला होत्या. तिथे त्यांनी माहितीपट बनवायला सुरुवात केली. १९८१ साली क्यूबेक सरकारने मिगमॉ लोकांच्या मासेमारीवर बंधनं आणली. ते लोक पिढ्यान्‌पिढ्या नदीत सामन मासा धरत आलेले. शेकडो पोलिसांनी वस्तीवर दोनदा धाड घातली, जाळी जप्त केली, माणसं पकडली. अलानिस यांनी त्यावर चित्रपट केला. मंत्र्याला समोर बसवून विचारलं, की तुम्हाला हा हक्क कोणी दिला?

१९९० साली ओका नावाच्या गावाजवळ दुसरा प्रसंग झाला. तिथे गोल्फ खेळायचं मैदान होतं. गोल्फ म्हणजे भल्यामोठ्या हिरवळीवर काठीने चेंडू टोलवायचा श्रीमंतांचा खेळ. ते मैदान वाढवायचं ठरलं. वाढवायचं तर पाइनच्या झाडांचं बन तोडावं लागणार होतं. ती झाडं मोहॉक लोकांच्या वाडवडिलांनी लावलेली आणि तिथेच त्यांची दफनभूमी. मोहॉक लोक रस्ता अडवून उभे राहिले. पोलीस आले, मग लष्कर आलं. ७८ दिवस तो वेढा चालला. अलानिस ओबोमसाविन आपला कॅमेरा घेऊन तिथे राहिल्या, सैनिकांच्या तारेच्या कुंपणाआतसुद्धा राहिल्या. वय होतं ५८. त्या चित्रीकरणातून १९९३ साली जो चित्रपट झाला, तो जगभर दाखवला गेला. गोल्फचं मैदान वाढलं नाही. झाडं राहिली.

म्हणजे मैत्रिणींनो, शेवटच्या झाडाचं बोलणारी बाई अठरा वर्षांनी खरोखरच झाडांपाशी जाऊन बसली होती. फलकावर नाव असतं, तर हे सारं आपल्याला कळलं असतं. नाव नाही, म्हणून वाक्य पाठ झालं आणि मागणी विसरली.

असं एकाच वाक्याचं झालं असं नाही. दुसरं उदाहरण याहून मोठं आहे.

अमेरिकेत सिएटल नावाचं मोठं शहर आहे. त्याचं नाव सिएटल या मूळनिवासी सरदारावरून पडलं. या सरदाराचं एक पत्र किंवा भाषण जगभर वाचलं जातं. आपल्याकडेही पर्यावरणाच्या सभांत त्याचा उल्लेख येतो. त्यात जमीन, आकाश, नद्या विकत कशा घेता येतील, सारी सृष्टी एका नात्याने बांधलेली आहे, अशा अर्थाचं फार सुंदर बोलणं आहे.

सरदार सिएटल खरे होते. १८५४ साली गोऱ्या गव्हर्नरासमोर ते आपल्या भाषेत बोलले, हेही मानलं जातं. पण ते इंग्रजीत छापून आलं १८८७ साली, म्हणजे ३३ वर्षांनी. स्मिथ नावाच्या एका डॉक्टरांनी जुन्या टिपणांवरून ते लिहिलं. सिएटल तोवर वारले होते. आणि सृष्टीच्या नात्याचं जे बोलणं आपण ऐकतो, ते स्मिथ यांच्या लिखाणातही नाही. ते लिहिलं टेड पेरी नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकाने, १९७०-७१च्या सुमारास, एका पर्यावरणावरच्या चित्रपटासाठी. चित्रपट काढणाऱ्यांनी लेखक म्हणून त्यांचं नाव घातलं नाही, त्यामुळे लोकांना वाटलं की हे सरदाराचेच शब्द. त्या मजकुरात आगगाडीतून गोळ्या घालून मारलेल्या रानरेड्यांचा उल्लेख आहे. पण सरदार सिएटल समुद्रकाठचे. त्यांच्या मुलखात ते रानरेडे नव्हते आणि त्यांच्या हयातीत तिथे आगगाडी पोचलीही नव्हती.

मग खरे सिएटल काय बोलले होते? स्मिथ यांनी लिहिलं त्यावरून दिसतं, की त्यांचं दुःख आपल्या माणसांचं होतं. आम्ही थोडे उरलो, तुम्ही पुष्कळ झालात. जमीन तर जाणारच आहे. पण आमच्या वाडवडिलांच्या थडग्यांपाशी आम्हाला येऊ द्या. मागणी एवढी साधी होती. पुढच्याच वर्षी, १८५५ साली, करार होऊन त्यांची जमीन गेली. आणि १८६५ साली, ज्या गावाला त्यांचं नाव दिलं, त्याच गावाने ठराव केला, की मूळनिवासींनी गावात राहायचं नाही. ज्याच्या नावाचं गाव, त्याच्याच माणसांना गावबंदी.

टेड पेरी यांनी वाईट हेतूने लिहिलं असं आम्ही म्हणत नाही. शब्द चांगलेच आहेत. पण त्या सुंदर शब्दांखाली थडग्यांची मागणी दबून गेली. सृष्टीवर प्रेम करणारा साधू सरदार सगळ्यांना आवडला. जमीन गेलेला सरदार कुणाला नको होता.

आता आपल्या देशात या. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात रेणी नावाचं गाव आहे. तिथल्या गौरादेवींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. चिपको आंदोलन, झाडांना मिठी मारणाऱ्या बाया. पण मिठीच्या चित्रापलीकडे काय होतं ते बघू.

१९७० साली अलकनंदा नदीला मोठा पूर आला. वरच्या डोंगरांवरची झाडं तोडल्यावर माती कशी खाली येते, ते लोकांनी पाहिलं. तरीही रेणीच्या जंगलातली जवळपास अडीच हजार झाडं ठेकेदाराला विकली गेली. २६ मार्च १९७४. त्या दिवशी गावातले पुरुष चमोलीला गेले होते. कशासाठी? सरकारने पूर्वी घेतलेल्या जमिनीची भरपाई मिळणार, असा निरोप होता म्हणून. पैसे घ्यायला पुरुष बाहेर आणि नेमके त्याच वेळी लाकूडतोडे जंगलाच्या वाटेला लागले. एका मुलीने ते पाहिलं आणि गौरादेवींना सांगितलं. गौरादेवी महिला मंगल दलाच्या प्रमुख. कमी वयात वैधव्य आलेलं, शाळा पाहिलेली नाही. त्यांनी हाका मारून बाया गोळा केल्या. सत्तावीस बाया आणि मुली जंगलात गेल्या.

तिथे गौरादेवी जे बोलल्या, ते आजही त्या भागात सांगितलं जातं: हे जंगल आमचं माहेर आहे.

माहेर हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. माहेरी आपण वाटणी मागायला जात नाही, पण अडीनडीला तिथेच जातो. चारा तिथून, सरपण तिथून, औषधाचा पाला तिथून, दुष्काळात कंदमूळही तिथून. ठेकेदाराच्या हिशोबात जंगल म्हणजे इतके नग झाडं, इतके रुपये. गौरादेवींच्या हिशोबात ते नव्हतंच. माहेराला किंमत लावली की ते माहेर राहत नाही.

बाया रात्रभर पहारा देत बसल्या. लाकूडतोडे परत गेले. पुढे सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिने हे जंगल नाजूक आहे, तोडू नये, असंच सांगितलं. त्या साऱ्या खोऱ्यात दहा वर्षं तोड बंद झाली.

पण इथेही तेच झालं. १९८२ साली त्या भागात नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झालं आणि वरच्या कुरणांत शेळ्या-मेंढ्या न्यायला त्याच खोऱ्यातल्या लोकांना बंदी आली. जंगल वाचवा, एवढं ऐकलं गेलं. जंगल आमचं माहेर आहे, यातलं ‘आमचं’ ऐकलं गेलं नाही. लेकीने माहेर राखलं आणि तिलाच दारात उभं केलं, असं झालं.

आपल्या महाराष्ट्रातही एक वचन असंच फिरतं. शिवाजी महाराजांनी झाडांबद्दल दिलेली आज्ञा म्हणून ते आपल्याला मोबाइलवर येतं. ती आज्ञा ज्या ग्रंथात आहे त्याचं नाव ‘आज्ञापत्र’. ते लिहिलं रामचंद्रपंत अमात्य यांनी, कोल्हापूरच्या गादीसाठी, १७१५च्या सुमारास. म्हणजे महाराजांच्या निधनानंतर ३५ वर्षांनी. रामचंद्रपंतांनी महाराजांच्या हाताखाली काम केलेलं होतं, राज्य कसं चालतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून महाराजांची रीत त्यात उतरली आहे, असं इतिहासकार मानतात. रीत महाराजांची, लिहिणारा हात अमात्यांचा, असं म्हटलं तर दोघांचाही मान राहतो.

त्यात सांगितलंय काय? विषय आरमाराचा आहे. जहाजांना लाकूड लागणारच. साग वगैरे लागेल तो परवानगीने रानातून आणावा, कमी पडला तर विकत घ्यावा. आंबा, फणस ही झाडंही कामाची आहेत, पण त्यांना हात लावू देऊ नये. का? कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या लेकरासारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. आणि एखादं झाड अगदीच जुनं, निकामी झालं असेल, तर मालकाला राजी करून, त्याचे पैसे देऊन, त्याच्या खुशीने तोडावं. जबरदस्ती अजिबात करू नये.

इथे राज्य पैशाला नाही म्हणत नाही. लाकडाचा मोबदला आहे. पण पैसा हातात असला म्हणून झाड घेता येत नाही. आधी ते वाढवणारीचं मन विचारायचं आणि मग मोल. आज रस्ता रुंद होताना बांधावरचा आंबा जातो, तेव्हा भरपाईचा आकडा आधी येतो. मन विचारायला कुणी येत नाही. सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या कागदात क्रम उलटा होता, हे ग्रामसभेत सांगण्यासारखं आहे. पण ते सांगताना ग्रंथाचं नाव सांगावं, लिहिणाऱ्याचं नाव सांगावं. नुसता फोटो पुढे पाठवून ते जमत नाही.

आता शेवटी आपल्या स्वतःच्या वचनाकडे येतो. अलानिस ओबोमसाविन यांचं बोलणं छापलं गेलं ते वर्ष होतं १९७२. हे साल आपल्या थोरल्या बायांना वेगळ्या कारणाने पाठ आहे. बहात्तरचा दुष्काळ. खडी फोडायला, बांध घालायला, तलाव खणायला बाया गेल्या. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. आठवड्याला मजुरी हातात यायची, पण बाजारात धान्य नव्हतं. रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, पोरांना सुकडी मिळायची. पैसा खाता येत नाही, हे आपल्या आज्यांनी त्याच साली शिकून घेतलं. त्यांना कुणी भविष्यवाणी सांगावी लागली नाही.

आणि चाळीस वर्षांनी, २०१२-१३चा दुष्काळ पडला, तेव्हा मराठवाड्यात, माणदेशात त्याच आज्यांच्या तोंडी एक वाक्य आलं: बहात्तरला अन्न नव्हतं, पण पाणी होतं, आता अन्न आहे, पण पाणी नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं, तेव्हाही हेच वाक्य ऐकू आलं.

या वाक्यात केवढा इतिहास आहे बघा. बहात्तरला पाऊस गेला होता, पण आड-विहिरी थोड्या खोल केल्या की प्यायला पाणी लागत होतं, असं त्या सांगतात. पुढच्या चाळीस वर्षांत बोअर आले, शेकडो फूट खाली गेले, जास्त पाण्याची पिकं आली. पैसा आला, हेही खरं. त्या पैशाने दुकानातून धान्य आणता येतं. पण जमिनीखालचं पाणी संपलं की पैशाने टँकर येतो, आणि टँकर भरायलाही कुठेतरी पाणी असावं लागतं. कॅनडातल्या बाईने जे सांगितलं, तेच हे. पण हे आपल्या मातीचं आहे, आणि सांगणारी शेजारच्या घरात बसलेली आहे.

मात्र हे वाक्य पहिल्यांदा कोण बोललं, ते आज कुणालाही सांगता येणार नाही. कुणी लिहून ठेवलं नाही. आपल्या बायांच्या बोलण्याचं नेहमी असंच झालं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या बोलल्या ते त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतलं म्हणून त्यांच्या जाण्यानंतर, १९५२ साली पुस्तक झालं. वही नसती तर ती गाणी ‘एक जुनं लोकगीत’ म्हणून उरली असती, किंवा उरलीही नसती. हेमा राइरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचं आणि तिच्या गावाचं नावही लिहून ठेवलं. ते नाव लिहिणं हे किरकोळ काम नव्हतं.

याचा उपयोग नुसता आठवणीपुरता नाही. कायद्यातही आहे. २००६चा वनहक्क कायदा आणि त्याचे २००८चे नियम सांगतात, की जंगलावरचा हक्क मागताना गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणं हाही पुरावा आहे. म्हणजे आमची गुरं अमुक पाणवठ्यावर जात, मोहाची फुलं अमुक टेकडीवरून आणत, हे एखाद्या आजीने सांगितलं आणि ते लिहून घेतलं, तर दाव्यात ते कामाला येतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्या जंगलातला बांबू विकून गावाने पैसाही मिळवला. जंगल राखलं आणि पैसाही आला. फक्त आधी काय आणि नंतर काय, ते गावाने ठरवलं. जिथे वनजमीन नाही, तिथेही ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही असते. तिच्यात गावातली झाडं, पाणवठे, औषधी वनस्पती यांची माहिती लिहायची असते, आणि ती माहिती बहुतेक बायांच्याच डोक्यात आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, आमचं एवढंच सांगणं. गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की वहीचं एक पान कोरं सोडा. गावातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला बोलवा. विचारा, की बहात्तरला पाणी कुठल्या आडाला होतं, किती हातांवर होतं, ते कधी आटलं, ओढ्याला मासे कधीपर्यंत होते. ती बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहा. खाली तिचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख घाला. आणि पुढच्या वेळी शाळेच्या भिंतीवर ते कॅनडाचं वाक्य रंगवायचं असेल, तर रंगाऱ्याला सांगा, की खाली ‘जुनी म्हण’ लिहू नको. अलानिस ओबोमसाविन लिही, अबेनाकी समाज, १९७२. आणि बाजूला जागा ठेव, तिथे आमच्या गावातल्या बाईचं वाक्य यायचं आहे.